गाण्याचा आवाज घडवताना : नवशिक्यांसाठी पहिल्या तीन महिन्यांचा रियाज

गाणे शिकण्याची इच्छा घेऊन येणारा प्रौढ विद्यार्थी बहुतेक वेळा पहिला प्रश्न आवाजाविषयीच विचारतो : 'माझा आवाज गाण्याजोगा आहे का?' आवाज जन्मतः मिळतो आणि तो गोड तरी असतो किंवा नसतो, अशी समजूत या प्रश्नामागे असते. ती अर्धीच खरी आहे. स्वरतंतूंची लांबी आणि जाडी आपल्याला जन्मतः आणि वयात येताना मिळते आणि ती रियाजाने बदलत नाही. परंतु सूर नेमका लागणे, तो न हलता टिकणे, दमसास पुरणे, आवाज मोकळा वाटणे, या ज्या गोष्टींमुळे ऐकणारा 'आवाज चांगला आहे' असे म्हणतो, त्या जवळजवळ सगळ्या सवयीने येतात. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा आवाज सुरुवातीच्या काळात बारीक होता. घशाच्या दुखण्यानंतर तो जाड झाला आणि पुढे त्याच भारदस्त आवाजात त्यांनी किराणा घराण्याची गायकी अनेक दशके रसिकांसमोर मांडली. गोड आवाजाच्या रूढ कल्पनेत तो आवाज बसत नाही, पण त्यांनी लावलेला षड्ज (सा) ऐकताना ती कल्पना आठवतही नाही.

हा लेख हिंदुस्थानी पद्धतीच्या रियाजाविषयी आहे, परंतु ज्यांना पुढे भावगीत, अभंग किंवा नाट्यगीत गायचे आहे त्यांनाही पहिले तीन महिने याच वाटेने जाण्यास हरकत नाही. या काळात गाणी बसवण्याची घाई करू नये आणि एका षड्जापाशी शक्य तितका वेळ थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज सुधारतो तो आधी कानात, मग गळ्यात. ज्याला स्वतःचा सूर किंचित उतरलेला आहे हे ऐकू येत नाही, त्याने रोज दोन तास रियाज केला तरी तो उतरलेला सूरच पक्का करत असतो.

आधी स्वतःची पट्टी ठरवावी

मी शिकू लागले तेव्हा ज्या वर्गात जात होते, तिथे पंधरा-वीस जण एकाच पेटीवर एकाच पट्टीत, म्हणजे पेटीवरची एकच जागा सर्वांचा षड्ज मानून, गात असत. ती पट्टी पुरुषांना सोयीची होती. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात माझा आवाज बुडून जाई, म्हणून खालचे सूर मी घसा दाबून काढत असे आणि तसे करण्यालाच मेहनत समजत असे. ही सवय सोडवण्यात माझी पुढची जवळजवळ दोन वर्षे गेली. म्हणूनच पट्टी ठरवण्याचे काम मी पहिल्याच दिवशी करायला सांगते.

आपल्या संगीतात षड्ज कुठेही धरता येतो, ही नवशिक्यासाठी मोठीच सोय आहे. पेटीवर साधारणपणे पुरुष काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) ते काळी दोन आणि स्त्रिया पांढरी पाच ते काळी पाच या पट्ट्यांत गातात. काळी एकचा षड्ज लावताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा एकमेकांवर मिटतात आणि उघडतात; काळी चार या पट्टीत गाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हाच आकडा सुमारे २०८ असतो, आणि दोघांच्याही तार षड्जावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या षड्जावर, तो बरोबर दुप्पट होतो. हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत. चुकीच्या पट्टीत रोज अर्धा तास गाणे म्हणजे त्या नाजूक पडद्यांना लाखो वेळा अवघडून आपटायला लावणे होय, हे ध्यानात यावे म्हणून ते दिले आहेत.

पट्टी शोधण्याची रीत सोपी आहे. दुपारनंतर, आवाज बोलून मोकळा झालेला असताना, पेटीवर किंवा फोनवरील पेटीच्या ॲपवर एक मधला सूर धरावा आणि 'आ' म्हणत एकेक पट्टी खाली उतरत जावे. ज्या सुरापर्यंत आवाज घरघर न करता स्पष्ट राहतो, तो आपला मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) मानावा. तो सूर सोडून, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत, वरच्या बाजूची पाचवी पट्टी हा आपला षड्ज ठरतो. आता त्या षड्जापासून वर जाऊन तार षड्ज आणि शक्य असल्यास तार गंधार (ग) लावून पाहावा. हनुवटी वर न उचलता आणि मानेच्या शिरा न ताणता ते सूर आले, तर पट्टी योग्य आहे. तार षड्जालाच ओढ लागत असेल तर एक पट्टी खाली यावे. आवडत्या गायकाच्या पट्टीत गाण्याचा मोह मात्र टाळावा, विशेषतः ध्वनिमुद्रित गाण्याबरोबर गाणाऱ्यांनी, कारण ते गाणे त्या गायकाच्या गळ्यासाठी बसवलेले असते. अठरा वर्षांखालील मुलग्यांचा आवाज फुटत असेल, तर पट्टी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावी आणि त्या काळात वरच्या सुरांचा हट्ट धरू नये.

पेटी बाजूला, तानपुरा समोर

रोजच्या रियाजासाठी तानपुरा लागतोच. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर पिढ्यानपिढ्या घडवत आलेला भोपळ्याचा तानपुरा घरी असेल तर उत्तम, परंतु नवशिक्याने पहिल्याच महिन्यात तो विकत घेण्याची गरज नाही; इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा फोनवरील ॲप पुरेसे आहे. फोनचा बारीक आवाज खालचे सूर गिळून टाकतो, म्हणून तो एखाद्या बऱ्या स्पीकरला जोडावा. तानपुऱ्याच्या चार तारांपैकी पहिली सहसा मंद्र पंचमाला, मधल्या दोन षड्जाला आणि शेवटची खर्जाच्या, म्हणजे मंद्र सप्तकातल्या, षड्जाला लावलेली असते. ज्या रागात पंचम वर्ज्य असतो तिथे पहिली तार मध्यमाला (म) किंवा निषादाला (नि) लावतात, पण तूर्त आपल्याला पंचमच हवा.

पहिले पाच मिनिटे काहीही न गाता डोळे मिटून तानपुरा ऐकावा. जवारी (तारेचा झंकार) चांगली असेल, तर काही दिवसांत खर्जाच्या तारेतून एक बारीकसा गंधार उमटताना ऐकू येऊ लागतो. तो कोणी वाजवलेला नसतो. तारेच्या कंपनातच तो असतो, म्हणून जुन्या मंडळींनी त्याला स्वयंभू गंधार म्हटले. हा गंधार ज्या दिवशी ऐकू आला, त्या दिवशी कान तयार होऊ लागला असे खुशाल समजावे. पेटीचा शुद्ध गंधार मात्र याच्याहून किंचित चढा असतो, कारण पेटीची सप्तके बारा समान भागांत विभागलेली असतात. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी अनेक वर्षे टिकली, त्यामागील आक्षेपांत हाही एक होता. मी पेटीची विरोधक नाही, पट्टी शोधायला आणि अलंकार (ठरावीक क्रमाने गायचे सुरांचे गट) पाठ करायला ती फार उपयोगी आहे. परंतु प्रत्येक सूर बोटाने दाबून मग गळ्याने गिरवण्याची सवय लागली की सूर आतून शोधण्याचे काम कानाला उरतच नाही.

बैठक आणि दमसास

मांडी घालून, पाठीचा कणा ताठ पण न आखडता बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीच्या पुढच्या कडेवर, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसले तरी चालते. खांदे सैल आणि हनुवटी जमिनीला समांतर असावी. नवशिके गाण्यापूर्वी मोठा श्वास घेतात तेव्हा त्यांचे खांदे वर उचलले जातात, आणि त्याच क्षणी मानेचे स्नायू घट्ट होऊन स्वरयंत्र वर ओढले जाते. श्वास खाली जायला हवा : पोट आणि खालच्या बरगड्या हलकेच बाहेर आल्या पाहिजेत. हे कळत नसेल तर पाठीवर झोपून, पोटावर एक वही ठेवून श्वास घ्यावा; ती वही वर-खाली होते तीच हालचाल बसल्यावरही झाली पाहिजे.

दमसासासाठी एकच व्यायाम पुरे. शांतपणे, छाती न फुगवता श्वास घ्यावा आणि 'स्‌' असा सलग, एकसारखा आवाज करत तो सोडावा. घड्याळ समोर ठेवावे. सुरुवातीला बारा ते पंधरा सेकंद टिकले तरी समाधान मानावे आणि तीन महिन्यांत पंचवीसच्या आसपास जाण्याचा प्रयत्न करावा. शेवटचे दोन सेकंद पोट पिळून ओढू नयेत. आवाजाची जाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी राहिली का, हे सेकंदांपेक्षा महत्त्वाचे आहे. श्वास किती भरला यापेक्षा तो कसा खर्च केला यावर गाणे अवलंबून असते, याचे कुमार गंधर्वांइतके ठळक उदाहरण दुसरे नाही. ऐन तारुण्यात क्षयरोगाने त्यांचे एक फुफ्फुस निकामी झाले आणि देवासला कित्येक वर्षे त्यांचे गाणे थांबले. त्यानंतर त्यांनी लहान, नेमक्या स्वरवाक्यांची जी गायकी उभी केली, तिला कोणी दम कमी पडलेली गायकी म्हणत नाही.

पहिला महिना : षड्ज आणि खर्ज

रियाजाची सुरुवात गाण्याने करू नये. आधी दोन-तीन मिनिटे ओठ मिटून 'म्‌' असे गुणगुणावे, किंवा सरबत पिण्याची नळी ओठांत धरून तिच्यातून 'ऊ' असा सूर काढावा. तोंडाची वाट अशी अरुंद केली की हवेचा थोडा दाब उलट दिशेने स्वरतंतूंवर येतो आणि ते एकमेकांवर जोराने न आदळता सहज कंप पावतात. आवाजाचे उपचार करणारे तज्ज्ञही हा व्यायाम देतात.

त्यानंतर षड्ज लावावा. तानपुऱ्याचा एक फेरा पूर्ण ऐकावा, सूर मनात धरावा, श्वास घ्यावा आणि मगच 'आ' म्हणावे. सुराला खालून घासत जाऊन भिडणे, ही नवशिक्यांची फार सामान्य खोड आहे. सूर पहिल्या क्षणीच त्याच्या जागी उमटला पाहिजे. आवाज ना फार मोठा ना कुजबुजता, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावे इतका असावा. जबडा सैल सोडून तोंड दोन बोटे उभी मावतील इतके उघडावे. सूर तानपुऱ्यात नेमका मिसळतो तेव्हा आपला आवाज आपल्यालाच थोडा कमी ऐकू येतो, जणू तो तानपुऱ्यात विरून गेला आहे. आणि कणसूर (किंचित बेसूर) असेल तर दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकू येतात आणि त्यांच्यात एक हलकी थरथर जाणवते. ही थरथर ओळखणे आणि सूर केसभर वर किंवा खाली सरकवून ती नाहीशी करणे, हेच पहिल्या महिन्याचे खरे काम आहे. षड्ज दहा वेळा 'आ'काराने, मग काही वेळा 'ई'काराने आणि 'ऊ'काराने लावावा. 'ई' म्हणताना आवाज नाकात जातो आणि 'ऊ' म्हणताना तो आत कोंडतो, असे बहुतेकांना आढळेल. प्रत्येक स्वरवर्णावर सुराची जागा तीच राहते का, याकडे लक्ष ठेवावे.

खर्ज, म्हणजे मंद्र सप्तकातल्या सुरांचा रियाज, सकाळी करण्याची जुनी रीत आहे आणि तिला कारण आहे. रात्रभराच्या झोपेनंतर स्वरतंतू किंचित सुजलेले, जड असतात, त्यामुळे खालचे सूर सकाळी आपोआप जवळ येतात. षड्जावरून मंद्र निषाद, धैवत (ध), पंचम असे एकेक सूर उतरावे आणि प्रत्येक सुरावर एक पूर्ण श्वास थांबावे. ज्या सुराला आवाज गुरगुरू लागतो, त्याच्या एक सूर वरूनच परत फिरावे. खर्ज जितका खाली तितका रियाज मोठा, असे समजून घसा दाबत मंद्र षड्जापर्यंत जाणारे अनेक जण भेटतात. त्यांचा खर्ज वाढत नाही, उलट मधले सूर मात्र खरखरीत होतात. उठल्याउठल्या लगेच तार सप्तकात जाणे तर कटाक्षाने टाळावे, कारण सकाळच्या त्याच जडपणामुळे वरच्या सुरांना त्या वेळी ताण पडतो.

सदनिकेत राहणाऱ्यांना पहाटेच्या रियाजाची अडचण असते, हे मी जाणते. खर्ज आणि गुणगुणणे यांचा आवाज भिंतीपलीकडे फारसा जात नाही, म्हणून तेवढे सकाळी करावे आणि अलंकार संध्याकाळी. एकूण पंचवीस मिनिटे दोन भागांत वाटून रोज केलेला रियाज रविवारी केलेल्या तीन तासांपेक्षा कितीतरी अधिक पदरात पडतो.

दुसरा महिना : अलंकार

षड्ज स्थिर झाला की पंचम घ्यावा, मग तार षड्ज, आणि त्यानंतरच मधले सूर भरावेत. षड्ज आणि पंचम तानपुऱ्यात साक्षात वाजत असतात, गंधार त्यातून उमटत असतो. रिषभ (रे), मध्यम, धैवत आणि निषाद मात्र आपल्याला या तीन खुणांवरून शोधायचे असतात. सरळ आरोह-अवरोह, मग 'सारेग, रेगम, गमप', मग 'सारेगम, रेगमप' असे दोन-तीनच अलंकार निवडावेत आणि ते आधी सरगमने (सुरांची नावे घेत), नंतर आकाराने ('आ' म्हणत) गावेत. लय मिनिटाला साठ मात्रांची ठेवावी. एका मात्रेत एक सूर नेमका बसल्यावर त्याच लयीत दुगुन (एका मात्रेत दोन सूर) करावी. दुगुनीत एखादा सूर निसटला, तर फक्त त्या सुराच्या आधीची आणि नंतरची जागा घेऊन ती पाच-सहा वेळा सावकाश गावी आणि मग पुन्हा संपूर्ण अलंकाराकडे यावे. चौगुनीची (एका मात्रेत चार सूर) घाई पहिल्या तीन महिन्यांत मुळीच करू नये. आवाज फिरतो आहे असा भास होतो, पण सूर एकमेकांना चिकटलेले असतात, आणि हे चिकटलेपण नंतर सोडवताना फार कष्ट पडतात.

अलंकार गाताना फोनवर ध्वनिमुद्रण करावे, आणि ते लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी रियाजापूर्वी ऐकावे. आपला आवाज आपल्याला एरवी हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे मुद्रित आवाज सुरुवातीला परका आणि पातळ वाटतो. त्यावरून खचून जाऊ नये. आठवडाभरात त्याची सवय होते आणि मग चुका स्वच्छ ऐकू येऊ लागतात. सूर मोजून दाखवणारी ॲप आठवड्यातून एकदा तपासणीपुरती वापरावीत, कारण डोळ्यांनी काटा पाहून सूर लावणारा विद्यार्थी पुन्हा कानापासून दूर जातो.

घशाची काळजी

ज्येष्ठमध, खडीसाखर, आले, मध यांविषयी प्रत्येक घरात काही ना काही सांगितले जाते. त्यांनी घशाला आराम वाटतो हे खरे आहे, परंतु आपण गिळतो ती कोणतीही गोष्ट स्वरतंतूंना स्पर्श करत नाही. ती अन्ननलिकेतून जाते, आणि चुकून श्वसनमार्गात गेलीच तर जोराचा ठसका लागतो. स्वरतंतूंपर्यंत थेट पोहोचते ती वाफ. त्यांना आतून ओलावा मिळतो तो दिवसभर थोडे थोडे पाणी पिण्याने, रियाजाच्या आधी घटाघट प्यायलेल्या तांब्याभर पाण्याने नव्हे.

सतत खाकरण्याची सवय सोडावी. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटतात, आणि त्याने जो चिकटपणा सुटल्यासारखा वाटतो तो थोड्याच वेळात पुन्हा साठतो. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा. घसा बसला असता कुजबुजत बोलण्यापेक्षा गप्प राहणे हिताचे आहे, कारण कुजबुजण्यालाही ताण पडतो. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होणाऱ्यांना सकाळी घसा जड आणि आवाज घोगरा वाटत असेल, तर आम्लपित्ताची शक्यता ध्यानात घ्यावी. शिक्षक, वकील, फेरीवाले अशा दिवसभर बोलणाऱ्या लोकांनी कामावरून आल्याबरोबर रियाजाला बसू नये. अर्धा तास तरी मौन पाळावे. धूम्रपान आणि तंबाखू यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नसावी. सर्दी-पडसे नसताना आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. स्वरतंतूंवरील गाठी लवकर लक्षात आल्या तर अनेकदा विश्रांतीने आणि योग्य सरावाने बऱ्या होतात.

अतिरियाजाचे कौतुक करणाऱ्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून एक वेगळी हकिकत आठवते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज तरुण वयात एका संस्थानात सलग गावे लागल्यामुळे बसला आणि पूर्वीचा आवाज त्यांना परत मिळाला नाही. बदललेल्या आवाजाला साजेशी नवी गायकी त्यांनी घडवली, ही त्यांची असामान्य प्रतिभा होती. प्रत्येकाला ते साधणार नाही. रियाज संपल्यावर घसा दुखत असेल किंवा बोलताना आवाज चिरकत असेल, तर त्या दिवशीचा रियाज चुकला असे समजून दुसऱ्या दिवशी निम्माच करावा.

तिसरा महिना आणि पुढचे पाऊल

तिसऱ्या महिन्यात भूप राग घ्यावा. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध सूर आहेत, लगतच्या दोन सुरांत अर्ध्या सुराचे अंतर कुठेही नाही, आणि त्याचा वादी (मुख्य) सूर गंधार तानपुराच ऐकवत असतो. आधी सावकाश स्वरविस्तार करावा, मग तीनतालाची सोळा मात्रांची एखादी सोपी छोटी बंदिश (रागात बांधलेली रचना) शिकावी. बंदिशीचे शब्द बहुधा ब्रज भाषेतले असतात. मराठी माणसाच्या तोंडी 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार बसलेले असल्याने तो 'जा'चा उच्चार 'जागा' या मराठी शब्दातल्यासारखा करून बसतो. तिथे तो 'जीव' या शब्दातल्या 'ज'सारखा हवा. अभंग गाताना मात्र आपला मूळ उच्चारच ठेवावा.

या टप्प्यावर गुरू असणे आवश्यक आहे, कारण लेखातून किंवा ध्वनिफितीतून मिळणारी माहिती 'आत्ता तुमचा जबडा आवळला' असे सांगू शकत नाही. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून पुढच्या परीक्षांनी अभ्यासाला शिस्त येते. परंतु शिक्षक निवडताना ते परीक्षेची तयारी किती लवकर करून घेतात, यापेक्षा पहिल्या दिवशी तुमची पट्टी तपासतात का आणि तुम्हाला एकट्याला गाऊ देऊन ऐकतात का, हे पाहावे.

गुरूंकडे जाण्यापूर्वी स्वतःची एक परीक्षा घ्यावी. तानपुरा लावून षड्ज धरावा, मग तानपुऱ्याचा आवाज पूर्ण बंद करून भूपाचे आरोह-अवरोह आकाराने सावकाश चार वेळा गावेत, षड्जावर येऊन थांबावे आणि सूर न सोडता तानपुरा पुन्हा सुरू करावा. दोन्ही षड्ज एकमेकांत मिसळले, आणि असे आठवड्यातल्या चार दिवसांत तरी घडले, तर बंदिश पुढे न्यावी. सूर उतरलेला आढळला, तर आणखी पंधरा दिवस पहिल्या महिन्याचाच रियाज करून ही परीक्षा पुन्हा द्यावी.